राहुटी

घराचे छप्पर भिंतींवर टेकलेले असते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतो की, याहून निराळे काही असू शकेल अशी शंकादेखील मनास शिवत नाही. राहुटी हे मात्र असे घर आहे की, ज्याचे छप्पर भिंतींवर टेकत नाही. उलट भिंतीच छपराला टांगलेल्या असतात. मग ते छप्पर तोलले जाते कशावर? मधल्या दोन खांबांवर आणि भिंतींपासून चार-पाच हात दूर जमिनीत ठोकलेल्या मेखांवर. खांब कापडाला वर उचलतात, मेखा त्याला बाहेर ओढतात, आणि या दोन ओढींच्या मधे माणूस निर्धास्त झोपतो. हे ज्याने नीट ध्यानात घेतले, त्याला राहुटी उभारणे कठीण नाही. ज्याने घेतले नाही, त्याची राहुटी दिवसा उभी दिसते आणि रात्री अंगावर येते.

आपल्या मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, डोंगरी, चौक, पाली ही गावे समुद्राला बिलगून वसलेली आहेत. चौक गावच्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे खाडीपलीकडे वसई दिसते. या भागास पूर्वी धारावी बेट म्हणत. वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी ही जागा हाती असल्यावाचून वसईच्या किल्ल्याची समुद्राकडील वाट रोखता येत नव्हती. म्हणून चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत धारावीसाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात निकराचे झगडे झाले. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. ही मोहीम दोन पावसाळे ओलांडून गेली, हे विसरू नये. इतके दिवस उघड्या माळावर, खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या फौजेचे घर कापडाचेच. मोठ्या सरदाराचा डेरा, त्याखालच्या मानकऱ्याची राहुटी, साध्या शिपायाचे पाल, अशी त्या कापडी घरांची उतरंड असे. मेख, कनात, शामियाना हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्या भाषेत आले ते बहुतांशी या छावण्यांतूनच. ‘पाल’ हा शब्द मात्र छावणीबरोबर संपला नाही. आजही भटक्या जमातींची कित्येक कुटुंबे पालातच राहतात, आणि आपण ज्याला चार दिवसांची मौज समजतो तो त्यांचा बारमाही संसार असतो.

पुढे इंग्रजी अमलात कलेक्टर आणि जंगल खात्याचे साहेब हिवाळाभर राहुट्या बैलगाड्यांवर लादून फिरतीवर निघत. कचेरीही राहुटीत आणि शिकारीचा तळही राहुटीत. साहेब मचाणावर बसे; राहुटी उभारणारे, पाणी भरणारे आणि हाकारा घालणारे हात गावकऱ्यांचे असत. ते दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद झाला, आणि काशीमिरा व घोडबंदर यांना लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यास त्या कायद्याचे पूर्ण अभय आहे. शिकारीचा तळ गेला, तळ ठोकण्याची विद्या मात्र मुलांच्या हाती आली, याचे श्रेय बऱ्याच अंशी बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्याकडे जाते. तो १८७६ मध्ये हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला रानडुकराच्या शिकारीचा मोठा नाद लागला होता. त्याच गृहस्थाने १९०७ साली इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरविले आणि तेथून बालवीर चळवळ जगभर पसरली. माग काढणे, चूल मांडणे, गाठ मारणे, राहुटी ठोकणे या साऱ्या विद्या मुलांना मिळाल्या, फक्त बंदूक तेवढी मागे राहिली. हा बदल मला तरी फार चांगला वाटतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. राहुटी उभारण्याचे निम्मे काम कापड उलगडण्यापूर्वीच संपलेले असते, कारण ते जागा पारखण्याचे असते. जागा किंचित उंच हवी. खळग्यातील मऊ गवत कितीही मोह घालो, पाऊस आला की पाणी तेथेच येणार. वर पाहावे: नारळाचे झाड असेल तर त्याची सावली दुरूनच घ्यावी, आणि वाळलेल्या फांदीखाली तर मुळीच झोपू नये. मग वारा पाहावा. उत्तनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मंद वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. म्हणून राहुटीची पाठ समुद्राकडे व दार पूर्वेकडे ठेवावे. जोराचा वारा पाठीवर बसतो आणि सकाळचे ऊन आपण होऊन आत येते.

समजा, राहुटी १२ फूट लांब आणि ९ फूट रुंद आहे. हा आयत जमिनीवर खुणेच्या चार काटक्यांनी आखावा. कोपरे काटकोनी झाले की नाही हे डोळ्याने ठरवू नये, कर्ण मोजावा. दोन्ही कर्ण बरोबर १५ फूट भरले तर आयत खरा. पायथागोरसचा सिद्धान्त वहीत सोडविताना ज्यांना जांभया येतात, त्यांनी तो एकदा माळावर दोरीने सोडवून पाहावा.

कापड आखलेल्या जागेवर पसरले म्हणजे कोपरे ठोकण्याआधी दाराचे दोन्ही पडदे एकमेकांस बांधून घ्यावेत. उघड्या दाराने कोपरे ठोकले, तर रात्री ते दार मिटतच नाही. वीतभर फट राहते आणि थंडी नेमकी तेथून आत शिरते. मग दोन खांब आणि त्यांवरचा आढ्याचा दांडा कापडात घालून दोघांनी दोन टोकांचे खांब एकाच वेळी उचलावेत. बाकीच्यांनी चार कोपऱ्यांचे तणावे धरून उभे राहावे. राहुटी बांधून ठेवणाऱ्या दोरास तणावा म्हणतात. आधी पुढच्या व पाठच्या टोकांचे, मग कोपऱ्यांचे, आणि शेवटी वळचणीचे तणावे समोरासमोर जोडीने ताणावेत. एक बाजू संपवून दुसरीकडे गेलात, तर खांब पहिल्या बाजूला कलतो आणि सारे पुन्हा करावे लागते. कनाती, म्हणजे राहुटीच्या भिंती, सर्वांत शेवटी खाली खुंटाव्यात. त्या फक्त वारा अडवितात. भार वाहणे हे त्यांचे काम नव्हे.

मेख सरळ ठोकू नये. तिचे डोके राहुटीपासून दूर झुकलेले असावे, म्हणजे तणाव्याची ओढ तिला उपटत नाही, उलट मातीत दाबून धरते. मुरमाड टेकडीवर मेख पक्की बसते. परंतु भाईंदरच्या मिठागरांच्या बाजूची माती ओली आणि बिलबिलीत. तेथे मेख लोण्यातल्या सुरीप्रमाणे आत जाते आणि तशीच बाहेर येते. अशा जागी हातभर लांबीचा ओंडका दीड हात खोल चरात आडवा घालावा, त्याच्या मध्यावर तणावा बांधावा आणि माती दाबून भरावी. मातीचा केवढातरी भार त्या ओंडक्यावर बसतो. किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी बोंबील सुकविण्यासाठी घातलेले बांबूचे मांडव कधी निरखून पाहा. वाऱ्याला उलटी ओढ कशी द्यावी, याचा वस्तुपाठ तेथे मिळतो.

राहुटीचे कापड म्हणजे जाड, घट्ट विणीचे सुती कापड, शिडाच्या जातीचे. पावसात त्याचे सूत फुगते, विणीतील छिद्रे बुजतात आणि पाणी वरून ओघळून जाते. परंतु ओल्या कापडास आतून बोट लागले की त्याच जागी पाणी ठिबकू लागते. तसे झालेच तर बोट तेथून खाली कनातीपर्यंत ओढत न्यावे; पाणी त्या रेघेने निमूटपणे खाली जाते. दोरीची गोष्ट अधिक जोखमीची. सुताची किंवा तागाची दोरी भिजली की आखडते. नायलॉनची दोरी याउलट, भिजल्यावर सैल पडते. एका शिबिरात, डिसेंबर महिन्यात, मध्यरात्री अवेळी पाऊस आला. एका तुकडीचा नायक, आठवीतला मुलगा, कंदील घेऊन उठला आणि त्याने आपल्या राहुटीचे सारे सुती तणावे चार-चार बोटे सैल केले. शेजारच्या तुकडीस त्याने हाका मारल्या, पण कोणी उठले नाही. पहाटेपूर्वी शेजारच्या तणाव्यांनी आखडून पाठच्या मेखा उपटल्या, वारा आत शिरला आणि ओले जड कापड झोपलेल्या आठ मुलांवर बसले. खांब कोणाच्या डोक्यावर आला नाही, हे त्यांचे नशीब. त्या दमलेल्या, भिजलेल्या आठ जणांना नायकाने आपल्या राहुटीत घेतले. सोळा मुले सकाळपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

याहूनही घातक गोष्ट थंडीची. दार मिटलेल्या राहुटीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो झोपलेल्यास जागे करीत नाही, झोपेतच संपवितो. ऊब हवी असेल तर अंगावर पांघरूण घ्यावे आणि अंगाखालीही जाड घोंगडी घालावी, कारण रात्री अंगातील उष्णता जमीनच अधिक शोषून घेते. चूल राहुटीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस मांडावी.

राहुटी उतरविणे हे उभारण्याच्या उलट क्रमाने होते: आधी कनाती सोडाव्यात, मग वळचणीचे तणावे, आणि टोकांचे तणावे हातात धरून खांब हलकेच आडवे करावेत. कापड दवाने ओले असेल तर उन्हात पुरते वाळेपर्यंत निघण्याची घाई करू नये. ओली घडी चार दिवसांत बुरशीने काळी पडते आणि पुढच्या हिवाळ्यात तेच कापड शिवणीवर फाटते. पावसासाठी चर खणला असेल तर तो बुजवावा. मेखा मोजूनच पिशवीत भराव्यात. २० ठोकल्या असतील आणि १९ भरल्या तर विसावी गवतात आहे असे समजावे, आणि ती सापडेपर्यंत शोधावी; त्या वाटेने उद्या कोणी अनवाणी जाणार असते.