तापीकाठचा जोंधळा

मराठी भाषेचे भाकरीवाचून पान हलत नाही. पोटासाठी गाव सोडणारा मनुष्य भाकरीच्या मागे गेला, असे आपण म्हणतो. भाकरीच्या चौथ्या भागास चतकोर म्हणतात आणि त्याहून लहान तुकड्यास नितकोर. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला, तर तिचे 'पेव फुटले' असे आपण लिहितो. पण पेव म्हणजे ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार, हे तसे लिहिणाऱ्या पुष्कळांस आज ठाऊक नसते. भाषेने जपलेल्या या शब्दांवरून ज्वारी हे आपल्या लोकांचे रोजचे अन्न किती दीर्घ काळ होते, ते ध्यानात येते. आमच्या मुलांच्या डब्यांत मात्र आता बहुधा गव्हाची पोळी असते. हा पालट कसा घडला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा झाला. राज्याच्या दृष्टीने आपण मध्य प्रदेशात. परंतु माती, पीक आणि ताट पाहिले तर आपण खानदेशी. फारुकी सुलतानांच्या काळी आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्यात बुऱ्हाणपूर हेच मुख्य नगर होते. तापीच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन ओल फार दिवस धरून ठेवते. या जमिनीत खरिपाची ज्वारी होई आणि रब्बीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच, दादर नावाची उंच, पांढऱ्या टपोऱ्या दाण्याची ज्वारी येई. हलक्या रानात बाजरी. सातपुड्याच्या उतारावर, खकनार आणि नेपानगरच्या बाजूस, कोरकू, भिलाला व बारेला लोकांच्या शेतांत ज्वारीबरोबर कोदो-कुटकीसारखी बारीक धान्ये पिकत. ही धान्ये जेथे नांगर नीट चालत नाही अशा खडकाळ जमिनीतही येतात आणि वर्षानुवर्षे कोठीत राहिली तरी त्यांना सहसा कीड लागत नाही. डोंगरातील मनुष्यास हा गुण किती मोलाचा वाटत असेल, हे सांगावयास नको.

ज्वारीचे खरे सामर्थ्य तिच्या धीरात आहे. पाऊस उघडला म्हणजे ती आपली पाने गुंडाळून घेते. पानांवर मेणासारखा लेप असतो, त्यामुळे पाणी कमी उडते. वाढ थांबवून ती वाट पाहते आणि पाऊस परतला की पुन्हा वाढू लागते. मक्यास हे इतके साधत नाही. याच ताणाच्या दिवसांत तिच्या कोवळ्या पानांत एक विषारी द्रव्य वाढते, म्हणून पावसाअभावी खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत शहाणा शेतकरी गुरे सोडत नाही. तथापि ज्वारी म्हणजे दुष्काळातून सुटण्याची हमी, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १६३१ हे साल आपल्या विद्यार्थ्यांस मुमताज महल बुऱ्हाणपुरात निवर्तली म्हणून पाठ असते. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या वर्षांत, गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. शाहजहानने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याची आज्ञा केली, असे बादशाहनाम्यात नमूद आहे. राणीच्या मृत्यूची आठवण ठेवणाऱ्या आमच्या इतिहासाने या भुकेल्या लोकांसही एखादी ओळ द्यावी, असे आम्हांस वाटते. पाऊसच सर्वस्वी फिरला, तर कोणतेही पीक तग धरीत नाही. परंतु जेथे पाऊस अर्धामुर्धा पडतो तेथे गहू हात टेकतो आणि ज्वारी काही ना काही पदरात घालते, हा अनुभव खोटा नाही.

शिवाय ज्वारी एकटी येत नसे. तिच्या ओळींमध्ये तूर, उडीद, मूग पेरीत. ज्वारी निघाल्यावरही तूर शेतात उभी राही. दाणा माणसांचा आणि कडबा गुरांचा, अशी वाटणी ठरलेली होती. बैलांवाचून शेती नव्हती आणि कडब्यावाचून बैल नव्हते, म्हणून ज्याच्या घरी भाकरी आवडत नसे (असे घर विरळाच!) तोही ज्वारी पेरी. थंडीत हुरडा, नागपंचमीस लाह्या, उन्हाळ्यात अंगणात वाळणारे बिबडे, आजाऱ्यास कण्या, असा तिचा संचार वर्षभर असे.

या खाद्यपदार्थांत आमच्या खानदेशाचा कळणा विशेष अभ्यासण्याजोगा आहे. ज्वारीत थोडे उडीद मिसळून दळले म्हणजे त्या पिठास कळणा म्हणतात. त्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा हे जेवण येथील शेतकऱ्यास पक्वान्नाच्या तोडीचे वाटते. यामागे शास्त्र आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा आवश्यक घटक फार कमी असतो. उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आल्यावर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. उलट, केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनमधील गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा व मेंदूचा विकार आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास या रोगाचा ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी संबंध असल्याचे मांडले. म्हणून ज्वारीची स्तुती करताना सोबतच्या डाळीस विसरता येणार नाही. ज्या घरात उडीद परवडत नव्हते, त्या घरातील भाकरी आजच्या स्तुतिपाठकांनी वर्णिलेल्या भाकरीइतकी सुखाची नव्हती.

भाकरी लाटीत का नाहीत, थापतात का, हा प्रश्नही मुलांनी विचारावा. गव्हाच्या पिठात पाणी घातल्यावर ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत तो नसतो. गरम पाण्याने पिठातील पिष्ट थोडे शिजवून, तळहाताने चांगले मळून त्यास चिकटपणा आणावा लागतो, आणि मग परातीत थापून भाकरी तव्यावर टाकतात. पीठ जुने झाले की भाकरी चिरते. म्हणजे दळण वारंवार हवे आणि हाताला सवय हवी. ही सवय आईकडून मुलीकडे जात असे. एका पिढीने ती सोडली की पुढील पिढीस ती पुस्तकातून मिळत नाही. दोघीतिघी मैत्रिणींनी आजीजवळ बसून भाकरी थापून पाहावी, मुलांनीही पाहावी. पहिल्या चार भाकऱ्या नकाशासारख्या होतील, त्याची काळजी करू नये.

आता ऱ्हासाकडे वळू. लोक म्हणतात, नव्या पिढीची जीभ बदलली. आम्हांस हे कारण अपुरे वाटते. जीभ शेवटी बदलली. त्याआधी ज्वारीला धरून ठेवणारे खांब एकेक करून निखळले होते.

प्रथम प्रतिष्ठेचा खांब घ्या. गहू हे पूर्वी सणाचे धान्य होते. बुऱ्हाणपूरचे मांडे प्रसिद्ध आहेत, ते गव्हाचेच. पाहुणा आला म्हणजे पोळी आणि एरवी भाकरी, हा भेद घरोघरी होता. साहजिकच ज्याची परिस्थिती सुधारली त्याने रोजच सण करावयाचे ठरविले. त्यास दोष कसा द्यावा? पुढे सरकारी भाषेनेही या धान्यांस 'मोटा अनाज', 'भरड धान्य' अशी नावे दिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लोकांस मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी खावी लागली. तिची आठवण काढताना वृद्ध माणसे अजूनही तोंड वाकडे करतात. त्यानंतर रेशनच्या दुकानाने गव्हा-तांदळास घरोघरी पोचविले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिले होते; पण दुकानात बहुतेक ठिकाणी पहिली दोनच धान्ये आली. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. जे फुकट मिळते त्याच्याशी शेतात घाम गाळून पिकविलेल्या ज्वारीने स्पर्धा कशी करावी?

दुसरा खांब बियाण्याचा. १९६४ साली सीएसएच-१ ही भारतातील पहिली संकरित ज्वारी प्रसृत झाली. ती बुटकी, लवकर येणारी व अधिक दाणे देणारी होती. देशास धान्याची टंचाई असताना या शोधाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु लवकर पिकणाऱ्या कणसास पावसाळ्याच्या अखेरच्या सरी गाठू लागल्या. दाण्यास बुरशी लागून तो काळा पडे. काळ्या दाण्याची भाकरी कोण खाणार? असा माल कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि मद्याच्या कारखान्यांकडे वळला. बुटक्या ताटाचा कडबाही कमी, आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलच घटले, तेव्हा कडब्याची निकड उरली नाही.

तिसरे कारण रोख पैशाचे. कापूस येथे पूर्वापार होता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीत त्याचे भाव चढले आणि त्याच दशकात रेल्वे आल्याने त्याचा व्यापार वाढला. तरी कापसाच्या पाठीवर ज्वारी, हा फेरपालट बराच काळ टिकला. पुढे मध्य प्रदेशात सोयाबीन पसरले आणि खरिपाच्या ज्वारीची जागा त्याने घेतली. आमच्या खोऱ्यात विहिरी, कूपनलिका आणि ठिबक आल्यावर केळीने बाकीचे काम केले. आज 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत बुऱ्हाणपूरचे नाव केळीसाठी आहे. साऱ्या देशाचे चित्रही निराळे नाही: १९६० च्या दशकात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन होती, आता ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास आली आहे.

केळीने पुष्कळ घरे उभी केली, मुले शिकविली, हे आम्ही जाणतो. परंतु गणिताच्या तासास शोभेल असा एक हिशेब मांडू. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. ज्वारीस उगवणीपासून कापणीपर्यंत सुमारे ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते. केळीस दीड ते दोन हजार. आपल्याकडे पाऊस वर्षास सरासरी आठ-नऊशे मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत. म्हणजे ज्वारीचे भागते. केळीस मात्र दर हेक्टरी निदान साठ लाख लिटरची तूट पडते आणि ती जमिनीच्या पोटातून भरून काढावी लागते. ठिबकाने नासाडी वाचते, झाडाची तहान नाहीशी होत नाही. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी हेरून १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, कुंडी भंडारा बांधला गेला. त्याचे पाणी कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उतारावर, शहरात येत असे. आमच्या कूपनलिका त्याच खोऱ्यातील भूजलाचा उपसा करतात, आणि दरवर्षी अधिक खोल जाऊन.

जात्याविषयीही दोन शब्द. खानदेशात त्यास घरोट म्हणतात, आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी घरोटाच्या आणि शेताच्या कामातच सुचली. पण पहाटे उठून पायल्या दळणाऱ्या बाईस त्या गाण्याइतकाच हातांचा फोडही ठाऊक होता. गिरणी आली हे चांगलेच झाले. जुन्या अन्नाचा गौरव करताना जुन्या कष्टांचाही गौरव करण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

अलीकडे वारा थोडा फिरला आहे. भारत सरकारने २०१८ साली या धान्यांस 'पौष्टिक धान्ये' म्हणून अधिसूचित केले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा आधारभूत भाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला. २०२५-२६ च्या हंगामातील गव्हाचा भाव २,४२५ रुपये होता. कागदावर ज्वारीच वरचढ आहे. मात्र भाव जाहीर होणे निराळे आणि काट्यावर माल घेतला जाणे निराळे. मोठ्या शहरांत ज्वारीचे पीठ सुबक पिशव्यांतून महाग विकले जाते, आणि जे अन्न गरिबीची खूण म्हणून टाकून दिले ते आता श्रीमंतांचे पथ्य झाले आहे. यातला विनोद सातपुड्यातील कोरकू माउलीस कळेल. तिला ते हसू येईल की नाही, हे सांगता येत नाही.

एक अडचण मात्र कोणत्याही योजनेत लिहिलेली आम्ही पाहिली नाही, आणि ती ज्वारी पेरू इच्छिणारा प्रत्येक शेतकरी प्रथम सांगतो. ती म्हणजे पाखरे. सारे शिवार ज्वारीचे असे, तेव्हा पाखरांचा वाटा सर्वांवर थोडाथोडा पडे. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारी पोरेही शेतोशेती असत. आता केळी आणि कापसाच्या मधे कोणी एकट्यानेच एकर-दोन एकर ज्वारी पेरली, तर दाण्यात दूध भरताच आसपासचे सारे थवे तेथेच उतरतात, आणि राखणीस पाठवावयाची मुले शाळेत असतात, जेथे ती असावयास हवीत. एकाच शिवारातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी शेजारची शेते निवडून एकाच आठवड्यात पेरणी केली, तरच हे नुकसान वाटले जाऊन प्रत्येकास सोसण्याजोगे होते.