रात्रीच्या पाण्यासाठीं बॅटरीवरील एलईडी दिवा

पेठ वडगांवच्या आसपास, वारणा व पंचगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान, ऊंस हें मुख्य पीक आहे. शेतीपंपांस पाळीपाळीनें वीज मिळण्याचा प्रघात पडल्यापासून कित्येक बागायतदारांस रात्रीं दारें धरावीं लागलीं. दिवसां वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली. तथापि जेथें रात्रीची पाळी येते तेथें ओल्या पाल्यांत घोणस व मण्यार यांचें भय असतेंच. अशा वेळीं चांगला दिवा ही चैन नसून जिवाचें रक्षण होय. हा दिवा मध्यरात्रींच मंद झाला तर आपण बॅटरीस दोष देतों; परंतु पुष्कळदां वीज वाटेंतच वायां गेलेली असते. ती कशी वांचवावी हें या लेखांत सांगावयाचें आहे.

दिव्याचा स्वभाव

पांढऱ्या एलईडीच्या एका कणास सुमारें ३ व्होल्ट दाब लागतो. दाब किंचित् वाढला कीं प्रवाह पुष्कळ वाढतो. आणि कण तापला कीं त्याच दाबावर प्रवाह आणखी वाढतो. म्हणून एलईडीस ठराविक दाब नव्हे, तर ठराविक प्रवाह पुरविला पाहिजे.

रोधक कीं ड्रायव्हर?

समजा, ३.१ व्होल्टचे तीन कण एका ओळींत जोडले. त्यांस ९.३ व्होल्ट लागतील. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी १२.७ व्होल्ट दाखविते. मधले ३.४ व्होल्ट रोधकानें अडविले तर चौथ्या हिश्श्याहून अधिक वीज नुसती उष्णता होऊन जाते. शिवाय बॅटरी ११.५ व्होल्टवर उतरली कीं प्रवाह एकतृतीयांशानें घटतो. उलट ती भरत असतांना, १४.४ व्होल्टवर, तोच प्रवाह दीडपट होऊन कण जळूं लागतो.

प्रवाह कायम राखणारा ड्रायव्हर वीज जाळून दाब कमी करीत नाहीं. तो ती अतिशय वेगानें चालू-बंद करून व तारेच्या वेटोळ्यांत क्षणभर सांठवून दाब उतरवितो. चांगल्या ड्रायव्हरांत शेंकडा सुमारें ९० वीज दिव्यापर्यंत पोंचते. मात्र दाब उतरविणाऱ्या ड्रायव्हरावर चार कण एका ओळींत जोडूं नयेत, त्यांस १२.४ व्होल्ट लागतात व बॅटरी थोडी उतरतांच ते मंद होतात.

हिशेब

१० वॅटचा दिवा आठ तास जाळणें म्हणजे ८० वॅट-तास. ड्रायव्हरची घट धरून ८९ होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरींतून सुमारें साडेसात अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवूं नये. तेव्हां १५ अँपिअर-तासांची तरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शेंकडा ८० पर्यंत वापरतां येते, म्हणून तीच सोय १० अँपिअर-तासांत होते.

आतां तेवढाच उजेड घरगुती इन्व्हर्टर व १२ वॅटचा बल्ब यांनीं घेऊं. इन्व्हर्टरची घट शेंकडा १० व त्याचा स्वतःचा खर्च ८ वॅट धरला, तर आठ तासांत सुमारें १७० वॅट-तास जातात. म्हणजे जवळजवळ दुप्पट बॅटरी, आणि उजेड मात्र तोच!

ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

१. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी या कामीं घेऊं नये. ती क्षणभर जोराचा प्रवाह देण्यासाठीं केलेली असते. वारंवार खोल उतरविल्यास लवकर निकामी होते.

२. दिवा बंद करून कांहीं वेळानें दाब मोजावा. तो १२.१ व्होल्टच्या आसपास आला कीं शिशाची बॅटरी निम्मी उतरली असें समजावें.

३. दिव्यास दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. कणांमागें ॲल्युमिनियमचा पत्रा घट्ट बसवावा व त्यास वारा लागूं द्यावा.

४. दुप्पट कण घेऊन त्यांतून निम्मा प्रवाह सोडल्यास तेवढ्याच विजेंत उजेड अधिक मिळतो व कणहि कमी तापतात.

५. बॅटरीच्या धन टोंकाजवळ ३ अँपिअरचा फ्यूज घालावा.

बॅटरी भरण्यास ४० वॅटचें सौर पॅनेल पुरें. पांच तासांचें चांगलें ऊन व सर्व घट धरूनहि त्यापासून सुमारें १४० वॅट-तास मिळतात. पावसाळ्यांत ऊन कमी, परंतु त्या दिवसांत रात्रीच्या पाण्याची गरजहि थोडीच.

सारांश, मोठी बॅटरी घेण्यापूर्वीं दिवा व बॅटरी यांच्यामध्यें काय जोडलें आहे हें पाहावें. ड्रायव्हरचा खर्च थोडा असतो. त्यानें वांचणारी वीज मात्र पहाटेपर्यंत बांधावर उजेड ठेवते.