समाधानी गिऱ्हाईक आणि हापूसची थेट विक्री

आंब्याची पेटी गिऱ्हाईकाच्या घरी पोचली व रक्कम हाती आली म्हणजे व्यवहार पुरा झाला, असा आपल्या बागायतदारांचा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक थेट विक्रीतील एक महत्त्वाचे काम त्यानंतरच सुरू होते. ज्या घरी आपला आंबा आवडीने खाल्ला गेला, त्या घराकडून दुसऱ्या दोन घरांची ओळख करून घेणे, हे ते काम होय. त्यास खर्च जवळजवळ नाही. परंतु ते योग्य वेळी व योग्य रीतीने केले पाहिजे. त्याची माहिती या लेखात दिली आहे.

शिफारशीचे महत्त्व

2016 साली राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाला यांच्या विक्रीवरील नियमन काढून घेतले. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या घरांत थेट पेट्या पोचविण्याचा मार्ग बागायतदारास अधिक मोकळा झाला आहे. पण मार्ग मोकळा झाला म्हणून गिऱ्हाईक आपोआप मिळत नाही. शहरातील गृहिणीपुढे मोठी अडचण असते ती विश्वासाची. परप्रांतातील आंबा कोकणच्या नावाने विकला जातो, हे तिला ठाऊक असते. फळाच्या सालीवरून आतील साका दिसत नाही. पेटीवरचा छापील मजकूर कोणीही छापू शकतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, व त्याची नोंदणी प्रत्येक बागायतदाराने अवश्य करून घ्यावी. तथापि ज्या वस्तूची परीक्षा कापल्याशिवाय होत नाही, ती घेताना माणूस शेवटी ओळखीच्या माणसालाच विचारतो : “तुम्ही कोणाकडून घेता?”

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. सुधारित बियाण्याचा प्रसारही असाच होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात रायन व ग्रॉस या दोन अभ्यासकांनी संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास करून 1943 साली तो प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली वार्ता बहुतेक शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून कळली होती. परंतु ते पेरण्याचा निश्चय करविण्यात शेजाऱ्याच्या अनुभवाचा वाटा सर्वांत मोठा ठरला. वार्ता कोणीही देईल, खात्री मात्र शेजारी देतो. आंब्याच्या बाबतीतही हेच खरे आहे.

आधी माल, मग शब्द

शिफारस मागण्यापूर्वी माल शिफारशीच्या योग्यतेचा असला पाहिजे. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

(1) फळे साधारण 80 ते 85 टक्के तयार झाली असता काढावीत. झाडावर अति तयार झालेल्या फळांत साक्याचे प्रमाण वाढते.

(2) झेल्याने देठासह फळे उतरावीत, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. काढणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करावी. काढलेली फळे तापलेल्या जमिनीवर ठेवू नयेत, सावलीत न्यावीत.

(3) वजनाप्रमाणे प्रतवारी करावी. पेटीच्या वरच्या थरात मोठी व खालच्या थरात लहान फळे भरण्याची सवय सर्वथा सोडावी. खालचा थर उघडला जातो तेव्हाच बागायतदाराची किंमत ठरते.

(4) कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. गवताच्या अढीत पिकविलेले फळच द्यावे.

विचारण्याची वेळ

पुष्कळ बागायतदार पेटी हातात देतानाच “आणखी कोणाला हवी असेल तर सांगा” असे म्हणून मोकळे होतात. ही वेळ चुकीची आहे. गिऱ्हाईकाने अद्याप फळ चाखलेले नाही. ते कशाच्या आधारावर सांगणार? कच्च्या फळास अढीत पिकण्यास साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणून कच्ची पेटी दिली असल्यास सुमारे दहाव्या दिवशी, व तयार फळांची पेटी दिली असल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूरध्वनी करावा. त्या वेळी अर्धी पेटी संपलेली असते आणि चव जिभेवर ताजी असते. हंगाम संपल्यावर विचारल्यास शिफारस मिळाली तरी देण्यास फळ उरत नाही.

कसे विचारावे

पहिला प्रश्न शिफारशीचा नसावा, तक्रारीचा असावा. बोलणे साधारण पुढीलप्रमाणे व्हावे :

“काकू, नमस्कार. देवगडहून बोलतो आहे. आपण पेटी नेलीत त्यास दहा दिवस झाले. फळे नीट पिकली ना? साका किंवा खराब फळ निघाले असेल तर संकोच न करता सांगा.”

“चव फारच छान होती हो, पण दोन फळांत साका निघाला.”

“बरे झाले सांगितलेत. ती दोन फळे पुढच्या खेपेस भरून देतो.”

तक्रार निघाल्यास त्या दिवशी शिफारशीचा विषय काढू नये. आधी भरपाई द्यावी. भरपाईची फळे पोचल्यावर काकू जर आपण होऊन समाधान बोलून दाखवतील, तर तो क्षण शिफारस मागण्यास सर्वांत अनुकूल समजावा. नुकसान भरून देणारा माणूस सहसा भेटत नाही. त्यामुळे त्याची गोष्ट चार घरी सांगितली जाते. तक्रार मुळीच नसेल, तर पहिल्याच संभाषणात पुढे विचारण्यास हरकत नाही.

मागणी नेमकी असावी. “कोणाला तरी सांगा” या बोलण्याने कोणाचाच चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. त्याऐवजी असे म्हणावे : “काकू, येत्या पंधरवड्यात माझ्याकडे दहा पेट्या तयार होतील. आपल्या इमारतीत किंवा माहेरच्या माणसांत दरवर्षी पेटी घेणारी एक-दोन घरे असतील, तर त्यांना आमचे नाव सांगाल का? त्यांना हवे असेल तर तेच दूरध्वनी करतील.” या बोलण्यात किती पेट्या, केव्हा व कोणासाठी या तिन्ही गोष्टी येतात. शेवटचे वाक्यही महत्त्वाचे आहे. परक्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीवाचून मागू नये व मिळाला तरी वापरू नये. काकूंनी नकार दिल्यास “काही हरकत नाही” एवढेच म्हणावे व त्या हंगामात पुन्हा विचारू नये.

असे विचारणे म्हणजे हात पसरणे होय, असे काही बागायतदारांस वाटते. बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण त्यांनी आठवावी. चांगला आंबा कोठे मिळतो हे सांगण्यात गृहिणीलाही समाधान असते. केवळ कोणी विचारले नाही म्हणून ती गप्प राहते.

मोबदला द्यावा काय?

प्रत्येक शिफारशीमागे रोख रक्कम देण्याची पद्धत कटाक्षाने टाळावी. पैसे ठरले की शेजारणीचा शब्द दलालाचा शब्द होतो. आणि ही गोष्ट शेजारणीस कळल्यावाचून राहत नाही. कृतज्ञता मात्र अवश्य दाखवावी. पुढील पेटीत चार फळे अधिक घालावीत, किंवा हंगामाच्या शेवटी घरची आमसुले पाठवावीत. ही भेट आधी कबूल केलेली नसावी.

झेपेल तेवढेच मागावे

शिफारस करणारी व्यक्ती आपला शब्द तारण ठेवीत असते. नव्या घरी निकृष्ट पेटी गेली, तर केवळ ते नवे घर जात नाही. जिने नाव सुचविले तिला खाली पाहावे लागते व तेही घर तुटते. हापूस एक वर्ष भरपूर व दुसऱ्या वर्षी कमी फळे देतो, हे तर सर्वश्रुतच आहे. म्हणून मोहोर व फळधारणा पाहून पेट्यांचा अंदाज बांधावा, जुन्या घरांची मागणी प्रथम वजा करावी, व उरलेल्या पेट्यांपुरतीच नवी घरे शोधावीत.

उदाहरणार्थ, 60 पेट्यांचा अंदाज असून 20 जुन्या घरांस प्रत्येकी 2 पेट्या लागतात असे समजू. 40 पेट्या वजा जाता 20 उरतात. म्हणजे प्रत्येकी 2 पेट्यांप्रमाणे 10 नवी घरे पुरेत. त्यासाठी वीसही घरांस गळ घालण्याची आवश्यकता नाही. जी अधिक समाधानी आहेत अशा सात-आठ घरांनाच विचारावे. मागणी वाढली म्हणून दुसऱ्याच्या बागेतील फळ आपल्या नावाने देऊ नये. शेजाऱ्याचा माल द्यावयाचा झाल्यास तसे स्पष्ट सांगूनच द्यावा.

नोंदवही

या कामी साधी शंभर पानी वही पुरे. तीत प्रत्येक घरासाठी पुढील रकाने असावेत : नाव व गाव, पेट्या व दिनांक, दूरध्वनी केल्याचा दिनांक, साका अथवा खराब फळे किती, भरपाई दिली काय, हे घर कोणाच्या शिफारशीने आले, शिफारस करणारास कळविले काय. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. “आपण पाठविलेल्या जोशीबाईंना पेटी पोचली, फळ चांगले निघाले,” एवढा निरोप मिळाला तरी शिफारस करणारीस आपला शब्द सार्थकी लागल्याचे समाधान मिळते. ज्या घरी साका वारंवार निघतो, त्याच्या पेट्या कोणत्या झाडांच्या व कोणत्या तोडणीच्या होत्या, हेही या वहीवरून शोधता येते.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः एखाद्या बागायतदाराची जाहिरात करू नये. ते त्याच्या पदास शोभणारे नाही. त्याने पाच-सहा बागायतदारांना मार्चपूर्वी एकत्र बसवून वही आखून द्यावी, वरील संभाषणाचा सराव करून घ्यावा व मानांकनाच्या नोंदणीस साहाय्य करावे. ज्यांना अद्याप एकही घर बांधलेले नाही, त्यांना राज्य कृषी पणन मंडळाच्या आंबा महोत्सवाची माहिती द्यावी. तेथे भेटलेले पहिले दहा ग्राहक संमतीने वहीत नोंदविले, की पुढील घरे त्यांच्यातूनच निघतील.

येत्या हंगामासाठी प्रत्येक बागायतदाराने एवढेच ठरवावे : पेटी गेल्यावर ठरल्या दिवशी दूरध्वनी करीन, आधी तक्रार विचारीन, ती असल्यास भरपाई देईन, आणि मगच एका-दोघांची नावे मागीन. हा क्रम उलटा करू नये.