कारण नको, सुरुवात दाखव

शिकागो, १४ जानेवारी

चि. निखिल,

परवा तुझ्या आईशी फोनवर बोललो. सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झाल्याचं तिने मागेच कळवलं होतं. पण "हा आनुवंशिक आजार, सैन्याशी त्याचा काय संबंध?" असं सैन्यातला तुझा एक जुना सोबती म्हणाला आणि व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, भरपाईचा अर्जच करायचा नाही असं तू ठरवलंस, हे मला परवाच कळलं. मी जन्मभर पोटाचेच रोगी तपासले. निवृत्त झाल्यापासून इथल्या माजी सैनिकांना त्यांचे वैद्यकीय कागद लावायला मदत करतो. त्या बळावर सांगतो, तुझा सोबती चुकतो आहे.

डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही जनुकं जवळजवळ प्रत्येक सीलिॲक रुग्णात असतात, हे खरं. पण तीच जनुकं इथल्या तीस-चाळीस टक्के लोकांत असतात आणि आजार होतो शंभरात एखाद्याला. जनुकं जन्मतः मिळतात, आजार मात्र पुढे केव्हातरी सुरू होतो. वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर १९४८ ते १९५४ या काळात जवानांचं रक्त घेऊन साठवलं होतं. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अर्ध्या शतकानंतर ते तपासलं आणि आजच्या तरुणांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. न ओळखला गेलेला सीलिॲक साडेचार पटींनी वाढलेला निघाला. पन्नास वर्षांत माणसाची जनुकं एवढी बदलत नाहीत. तेव्हा जनुकांखेरीज आणखी काहीतरी लागतं, हे उघड आहे. २०१२ साली अमेरिकी सैन्याच्याच नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात, आतड्याचा संसर्ग होऊन गेलेल्यांत पुढे सीलिॲक अधिक आढळला होता.

एवढं सगळं सांगितलं, तरी तुझा दावा या अभ्यासांवर उभा करू नकोस. कायदा तुझ्याकडून कारण मागतच नाही. आजार सैन्यामुळे झाला हे सिद्ध करायची गरज नाही. तो सेवेत असताना सुरू झाला एवढं पुरतं. आनुवंशिक आजारसुद्धा सेवेत पहिल्यांदा प्रकट झाला तर मान्य होऊ शकतो, असं व्हीएच्याच कायदे विभागाचं १९९० सालचं मत आहे. निदान सेवा संपल्यावर झालं म्हणूनही दावा पडत नाही. म्हणून 'मेसमधल्या ब्रेड-पास्त्याने हे झालं' असं कुठेही लिहू नकोस. आईच्या हातची चपाती तू लहानपणापासून खातोस. तो मुद्दा पहिल्याच प्रश्नाला कोलमडेल.

आता तुझे कागद. सेवेतली वैद्यकीय नोंदवही पूर्ण मागव आणि ओळ न् ओळ वाच. जुलाबासाठी सिक कॉलला, म्हणजे आजाऱ्यांच्या तपासणीला, गेलास तेव्हा दर वेळी 'विषाणूमुळे' असं लिहून परत पाठवलं, असं तू म्हणाला होतास. त्या प्रत्येक नोंदीची तारीख महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन उतरलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, तेही शोध. आणि कोपरांवर, गुडघ्यांवर खाजणारे बारीक फोड आले होते ना? कुणी एक्झिमा म्हटलं असेल, पण तसे फोड सीलिॲकचेही असू शकतात, त्वचेच्या डॉक्टरला विचार. भरतीच्या तपासणीत पोटाची तक्रार नोंदलेली नसेल, तर कायदा तुला भरतीच्या वेळी निरोगीच धरून चालतो. बराकीत शेजारी झोपणाऱ्या सोबत्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहून दिलं, तर तेही पुरावा म्हणून चालतं.

या नोंदी आणि बायोप्सी यांना जोडणारं मत तुझ्या पोटाच्या डॉक्टरकडून घे. मी देणार नाही. काकाच्या मताला कोण किंमत देईल? त्यात दोन गोष्टी हव्यातच: सेवेतले कागद वाचले हे, आणि आजार सेवेत सुरू झाल्याची शक्यता किमान निम्मी आहे हे, कारणांसह. 'असू शकेल', 'नाकारता येत नाही' अशा शब्दांनी दावा बुडतो. पुरावा दोन्ही बाजूंना समसमान असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, असं कायदाच सांगतो.

आखातात सेवा केलेल्यांना पोटाच्या काही विकारांसाठी जी सवलत आहे, तिच्या मागे लागू नकोस. ती आतड्यात काही बिघाड दिसत नसताना होणाऱ्या त्रासासाठी आहे. तुझ्या आतड्यात बिघाड दिसला आहे.

१९ मे २०२४ पासून व्हीएच्या अपंगत्वाच्या तक्त्यात सीलिॲकला स्वतःचा क्रमांक मिळाला, ७३५५. टक्के तीन: ३०, ५० आणि ८०. त्यात डॉक्टरने सांगितलेल्या पथ्याचा उल्लेख आहे, म्हणून ग्लूटेन वर्ज्य करण्याचा सल्ला तुझ्या केसपेपरवर लेखी येऊ दे. पथ्य तू पाळतोसच, पण कागदावर नसेल तर तपासणाऱ्याला ते दिसणार नाही.

पहिल्या दाव्यासाठी पैसे मागणाऱ्या कुणाच्या नादी लागू नकोस. अमेरिकन लीजन किंवा डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करतात. आणि कागद जमायची वाट पाहत बसू नकोस. 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची नोंद, आज भरलंस तर पूर्ण अर्जाला वर्षभर मुदत मिळते, आणि दावा मंजूर झाल्यावर आजची तारीख धरली जाऊ शकते. हे पत्र मिळालं की तेवढं आधी कर आणि मला कळव.

तुझा,
काका