इंजिन बंद पडले तर?

प्रश्न : माझा मुलगा हकीमपेटच्या वायुदल तळावर चेतक हेलिकॉप्टर चालविण्याचे शिक्षण घेत आहे. त्याला इंजिन एकच. ते बंद पडले तर यान दगडासारखे कोसळणार ना?
– एक माता, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : भगिनी, आपली चिंता स्वाभाविक आहे, परंतु दगडाची उपमा यथार्थ नाही. इंजिनाची शक्ती खंडित होताच मुख्य पंख्याचा त्याच्याशी असलेला संबंध आपोआप सुटतो, आणि वैमानिकाने डाव्या हातातील दांडा तत्काळ खाली केला, म्हणजे पात्यांचा कोन कमी होऊन खालून येणारी हवाच, पवनचक्कीप्रमाणे, त्यांना फिरवीत ठेवते. भूमी जवळ येताच नाक किंचित उचलून वेग मोडायचा आणि पंख्यात साठलेली गती, दांडा वर ओढून, अखेरच्या क्षणी खर्ची घालायची, की यान सांभाळून टेकते. हा अवरोह शिक्षकाच्या देखरेखीखाली पुनःपुन्हा गिरविला जातो, कारण दांडा खाली करण्यास अवकाश असतो तो एक-दोन सेकंदांचाच.

धोका मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. उंची आणि वेग दोन्ही अल्प असता ही युक्ती अपुरी पडते. म्हणून त्या स्थितीत विनाकारण रेंगाळू नये, असा दंडक आहे. आग किंवा शेपटीच्या पंख्याचा बिघाड यांसाठी निराळ्या कवायती तोंडपाठ असाव्या लागतात. प्रथम यान ताब्यात, मग उतरण्याची जागा, बिनतारी संदेश त्यानंतर, हा सर्वांचा अनुक्रम.

उड्डाणाच्या आदल्या रात्री त्याला पुरती झोप घेऊ द्यावी आणि घरातील कटकटी त्या वेळी फोनवर सांगू नयेत, एवढी माझी आपणांस विनंती आहे.