आज काय आलंय ते विचार

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीज झाली की तुम्ही चौघं गाडी घेऊन दापोलीपासून मालवणापर्यंत जाणार, हे ताईकडून कळलं. सोबत ती ठेपले, चिवडा आणि नूडल्सची पाकिटं बांधून देणार आहे, हेही कळलं. चिवडा घ्या, वाटेत लागतो. बाकीचं घरीच राहू दे. बँकेच्या बदल्यांमुळे दापोली, राजापूर, मालवण इथल्या खानावळींत माझी बरीच वर्षं गेली. त्या किनाऱ्यावर जाऊन कुणी रोजचंच जेवून परत आलं, की मला मनापासून वाईट वाटतं.

मेनूकार्ड हातात आलं तरी ते बाजूला ठेव आणि आज काय आलंय ते विचार. छापलेलं कार्ड बारा महिने तेच असतं, समुद्र तसा नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ही बंदी उठली की हळूहळू माल वाढत जातो, आणि तुम्ही जाल तेव्हा बांगड्याचे दिवस असतील. पर्यटक सुरमई आणि पापलेटच मागतात, म्हणून ती ताटं कायम ठेवावी लागतात. मग ती मासळी गावात मिळाली नाही तर बर्फातली आणतात. शिवाय मोठा, भाव मिळणारा मासा बऱ्याचदा बंदरावरूनच मुंबईची वाट धरतो. गावचा माणूस मात्र त्या दिवशीचा बांगडा, तारली, मुडदुशी, सौंदाळे खातो. तेच तुम्हीही मागा. सकाळचा बांगडा दुपारी ताटात पडला तर आठ दिवस बर्फात राहिलेली सुरमई त्याच्यापुढे काहीच नाही. आणि तो स्वस्तही असतो. सुरमई घ्यायचीच असेल तर तुकडा केवढा आणि आजचा भाव काय, हे मागवण्याआधी विचारून घ्यावं. त्यात संकोच नको, खानावळवाल्यालाही त्याची सवय असते.

हर्णैला संध्याकाळचा लिलाव चुकवू नका. मी दापोलीला होते तेव्हा बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांतला माल किनाऱ्यावर आणायच्या. तिथे तासभर नुसतं उभं राहिलं तरी डोळा तयार होतो. ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात, डोळे फुगीर आणि स्वच्छ. अंग बोटानं दाबलं तर खळगा राहत नाही. जवळच्या खानावळीत आधी विचारलंत तर तुम्ही घेतलेला मासा साफ करून तळून देणारेही काही जण भेटतील.

खानावळ पारखायची माझी खूण म्हणजे सोलकढी. ताट यायच्या आधी तीच मागून घे. ओला नारळ वाटून, पिळून काढलेलं दूध, त्यात कोकमाचं आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, बस्स. रंग फिकट गुलाबी हवा, भडक नको. पहिल्या घोटाला नारळाचा गोडवा लागतो, मग आंबटपणा, आणि लसूण सगळ्यात शेवटी. ती फार वेळ टिकत नाही. ठेवून दिली की दूध वर आणि पाणी खाली होतं, वासही उतरतो. म्हणजे जिथे कढी ताजी, तिथे सकाळी कुणीतरी नारळ खवलाय, आणि तिथलं वाटणही बहुधा त्याच दिवशीचं असणार. अशा ठिकाणी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण मिळालं तर नक्की घ्या. ओलं खोबरं, लाल मिरची, धणे आणि चिंच यांचं वाटण, त्यात किंचित ठेचलेली तिरफळं. फोडणीचा बडेजाव नसतो. तिरफळ चावू नकोस हं, जीभ बधिर होते. ते वासापुरतं, बाजूला काढून ठेवायचं. सोबत तांदळाची भाकरी असेल तर भात नंतर.

वेळेचं भान मात्र ठेवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक करतात. सकाळीच फोन करून चौघं येतोय, एक शाकाहारी आहे, असं सांगा आणि सांगितल्या वेळेला पोहोचा. अडीच वाजता गेलात आणि ‘संपलं’ असं ऐकलंत तर रागावू नका. उरत नाही म्हणूनच तिथलं जेवण ताजं असतं. किल्ला आणि समुद्रकिनारा तासभर पुढेमागे चालतो, तव्यावरचा मासा थांबत नाही. म्हणून आधी जेवणाची वेळ ठरवा, मग त्याभोवती दिवस आखा.

ताईला पोटाची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. समोर तळलेलं, वाफाळतं आलेलं खा. पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद प्या. तिसऱ्यांतला एखादा शिंपला शिजूनही मिटलेलाच असेल तर तो उघडायच्या फंदात पडू नका. बांगडा खाताना जीभ चुरचुरली, मिरीसारखं झोंबलं, तर तिथेच थांबा, भिडेखातर संपवू नका. मासा उन्हात राहिला की त्यात जे विष तयार होतं ते शिजवूनही जात नाही.

तुझ्या शाकाहारी मित्राला बटाट्याच्या भाजीवर ठेवू नकोस, हे मी मुद्दाम सांगते आहे. दाभोळच्या फेरीबोटीनं धोपाव्याला उतरलात की गुहागर जवळच आहे. तिथल्या घरगुती जेवणाची चव त्याच्या लक्षात राहील. आदल्या दिवशी सांगितलंत तर उकडीचे मोदकही करून देतात. मालवणकडे त्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे किंवा आंबोळ्या मागायला सांग. कुळथाची पिठी आणि गरम भात मिळाला तर तुम्ही तिघांनीही तेच घ्या, एक वेळ मासा नसला तरी चालतं. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा नव्या भाताचे लाल पोहे बाजारात आलेले असतील. न्याहारीला कुणी ताकातले किंवा ओला नारळ घातलेले गूळपोहे देत असेल तर ऑम्लेट-ब्रेड मागू नका. निघताना ते पोहे किलोभर ताईसाठी घे. आगळही घे, पण बाटलीचं बूच नीट बघून, नाहीतर गाडीभर सांडेल.

दोन्ही फेरीबोटींच्या वेळा, दाभोळची आणि तवसाळ-जयगडची, निघण्याआधी विचारून ठेवा. सुट्टीत रांगा लागतात, आणि तिथे तास गेला की पलीकडचं जेवण हुकतं.

तुझी,
मावशी