भामरागडची वाट दाखवताना

बाबू, पाहुण्यांना भामरागडला न्यायचं तर गोष्ट चंद्रपुरातच सुरू कर. गोंड राजांचा परकोट दाखव. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना उठाव केल्याबद्दल इंग्रजांनी इथल्याच तुरुंगात फाशी दिलं, हेही सांग. एवढं ऐकलेला माणूस पुढच्या जंगलाला ‘मागास भाग’ म्हणताना अडखळतो.

आलापल्लीत डिझेल भरून घे. पुढे हेमलकसा. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचं काम मनापासून सांग, पण तिथूनच गाडी वळवू नको. नाहीतर इथला इतिहास १९७३ साली त्यांच्या प्रकल्पाबरोबर सुरू झाला, असं समजून माणसं घरी जातात.

गोटुल, म्हणजे गावाचं सामाईक घर, त्याबद्दल प्रश्न येणारच, आणि बऱ्याचदा हसत येणार. त्या वेळी शांत राहायचं आणि नीट उत्तर द्यायचं. व्हेरिअर एल्विनचं १९४७ चं गाजलेलं पुस्तक बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर, तिथे एकत्र राहणाऱ्या तरुण मुलामुलींवर आहे. ते इथल्या माडिया गोंडांच्या गोटुलाला जसंच्या तसं लावायचं नाही. इथे गावाची बैठक गोटुलात बसते, पाहुणाही तिथेच उतरतो. ग्रिग्सनचं १९३८ चं पुस्तक माडियांना जवळचं, ते वाच. पण गावात पोचलास की पुस्तकातलं बोलू नको. गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला विचार, तो सांगेल ते मराठीत सांग, आणि तो गप्प बसला तर तूही गप्प बस. गोटुलात बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड वाटेत दिसतील, त्यांना टेकून कोणाला फोटो काढू देऊ नको.

मोहाच्या दिवसांत जास्त सांभाळ. झाडाखालची जमीन जाळून साफ केलेली दिसली, तर ते झाड कोणाच्या तरी घरचं आहे. पहाटे पडलेली फुलं म्हणजे त्या घरचं उत्पन्न. शहरातली माणसं त्यावरून चालत जातात. गाडीतून उतरण्याआधीच सांगून ठेव.

पावसाळ्यात कोणी कितीही पैसे देवो, सहल घेऊ नको. पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड तुटतं. दिवाळीनंतर ये, इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटेचा संगम निवांत दाखव. पलीकडे छत्तीसगड, आणि नातीगोती दोन्ही काठांवर. नकाशा तिथेच उघड.

गावातल्या ज्या माणसाने माहिती सांगितली, त्याचे पैसे त्याच संध्याकाळी त्याच्या हातात दे. पुढच्या खेपेला त्यालाच गाडीत पुढे बसव, आणि तो बोलू लागला की तू मागे सरक.